मऊ साल

बायको ज्युडिथ वारल्यापासून क्लाइव्हच्या सासूबाई दर गुरुवारी त्याच्या बोल्टनच्या घरी यायच्या, घराचा कानाकोपरा संशयाने न्याहाळायच्या. एका गुरुवारी क्लाइव्हने कामावरून येऊन सालासकट बटाटे मायक्रोवेव्हमध्ये शिजवले, घटकाभर ओव्हनमध्ये ठेवले आणि फोडून, वर खिमा घालून सासूबाईंना आणि लेकीला, फीबीला वाढले. सासूबाईंनी आधी काट्याने साल टोचून पाहिली. “जावईबापू, साल मऊ आहे, कुरकुरीत नाही. हा बटाटा तासभर भाजलेला नाही.” “भाजलाय की,” तो पुटपुटला. “मला शिकवता? माझ्या लेकीने असली लबाडी कधी केली नाही. तुमच्याच्यानं होत नसेल तर फीबीला मी घेऊन जाते.” “आजी, आईपण मायक्रोवेव्हमध्येच शिजवायची,” फीबी म्हणाली. “तुझी गाडी दिसली की बटाटे ओव्हनमध्ये सरकवायची!” ज्युडिथची ही चुगली करायला क्लाइव्हची जीभ रेटली नव्हती. सासूबाई बटाट्याकडे बघतच राहिल्या. “आणि मी कौतुक करायचे!” त्यांनी ताटली पुढे केली. “वाढा अजून.”