तिसरी डबी

तिसऱ्या डबीनेही मीटरचा काटा हलवला नाही, तेव्हा काकूंनी तारा पुन्हा दाबून पाहिल्या.

टेबलावर तीन काळ्या पत्र्याच्या डब्या होत्या. एकीत वीज वाहू देणारा वाहक, एकीत ती अडवणारा रोधक, एकीत दोन्हींच्या मधला अर्धवाहक. बॅटरी जोडून कुठलीत काय ते ओळखायचं. पहिलीने काटा झटक्यात वर नेला. तो वाहक, त्यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या दोघी मात्र ढिम्म. गेल्या वर्षी काकूंनी इथेच अंदाजपंचे उत्तर ठोकलं होतं आणि नापास झाल्या होत्या. कॉलेज तिसरी संधी देत नव्हतं. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणायची, आणि त्यांची स्वतःची पोर, त्याच कॉलेजातून पास झालेली, दाराच्या काचेपलीकडे नखं खात उभी होती.

"बाई, वेळ होत आला," परीक्षक म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले. पोरीने भाजी निवडता निवडता डोक्यात भरवलं होतं, की रोधकातले इलेक्ट्रॉन जागचे हलायचं नाव घेत नाहीत. अर्धवाहकातलेही बांधलेलेच असतात, पण जरा ऊब मिळाली की थोडे सुटतात आणि वाटेला लागतात. खोली तर एसीने गारठलेली. म्हणजे दोघींतली एक नुसती थंडीने आखडली होती.

डोळे उघडले तर परीक्षक कपावर फुंकर घालत होते.

"सर, तेवढा चहा देता का?"

परीक्षकांनी कप पुढे सरकवला.

काकूंनी दुसरी डबी गरम कपाला टेकवून बराच वेळ धरली. काही नाही. तिसरी टेकवली. तीच गत. तरी काकूंनी हात मागे घेतला नाही. आणि काटा थरथरला. जरासा उठला, मग हळूहळू चढतच गेला.

"हा अर्धवाहक," काकू म्हणाल्या. त्यांना रडूही येत होतं आणि हसूही.

हीटर मागितला असता तर मिळाला असता, असं परीक्षकांनी सांगितलं. चहा मात्र आजवर कोणी मागितला नव्हता. मग ते म्हणाले, "पास झालात. या आता."

काचेपलीकडे पोरगी उड्या मारत होती. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"सर, वाहकाचं उलटं असतं ना? तापला की त्यातली वीज कमी होते. तेही बघू या की."

परीक्षकांनी बाहेरच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग खुर्ची ओढून ते काकूंच्या शेजारी बसले आणि त्यांनी शिपायाला हाक मारली.

"अजून एक चहा आण. चांगला कढत."