सापडलेली सुई

मैनी गाय तीन दिवस रवंथ करत नव्हती. गुरांच्या डॉक्टरबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"गाय आधी गिळते, निवांत चावते नंतर. पण गिळलेलं लोखंड परत तोंडात येत नाही. दुसऱ्या पोटाच्या जाळीत अडकतं, टोचत टोचत हृदयापर्यंत जातं. आता इलाज नाही. सुई, तार काही हरवलं होतं?"

"छे!" सासूबाई म्हणाल्या. "संक्रांतीला गोधडी शिवताना हिची सुई कडब्यात पडली, तीही सापडली. आमची सून लई टापटिपीची."

त्यांच्या सुनेने, गोमतीने, मैनीच्या गळ्यावर हात ठेवला. बोलणी नकोत म्हणून तिने तेव्हा दुसरीच सुई दाखवली होती.

"आत्या, नव्हती सापडली," ती सासूबाईंना म्हणाली.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तेव्हाच कळलं असतं, तर लोहचुंबक गिळवलं असतं. सुई त्याला चिकटून जन्मभर पोटातच राहिली असती."

सासूबाईंनी मैनीच्या पाठीवरून हात फिरवला.

"रागावले असते गं मी," त्या म्हणाल्या. "पण सांजेपर्यंतच."