मयताची सुट्टी

मिशनच्या बोर्डिंगात लग्नासाठी सुट्टी मिळत नसे. कारण लग्नाला गेलेली मुलगी बहुधा स्वतःच्याच लग्नाला गेलेली असे. मयतासाठी मात्र मिळे. त्यामुळे जोडप्यांनाच उचल मिळणाऱ्या ऊसतोडीच्या हंगामाआधी आष्टीकडच्या आज्या भराभर वारत. सातवीतल्या सत्यशीलाचीही वारली. साऱ्या मुलींनी सिस्टरांसोबत चॅपलमध्ये गुडघे टेकून म्हातारीसाठी प्रार्थना केली. रडून डोळे सुजलेली सत्यशीला, जूनमध्ये बापानं वाढत्या मापाचा शिवून घेतलेला गणवेश सावरत, न्यायला आलेल्या बापामागं फाटकाबाहेर आली, तर जीपमध्ये आजी पान चघळत बसलेली. "आजे, तू जिती हायस?" पोरगी हरखून गळ्यातच पडली. प्रार्थना इतक्या लवकर पावते, हे तिला ठाऊक नव्हतं. "मला काय धाड भरलीय," म्हणत आजीनं तिच्या हातात हिरवा चुडा चढवला. तो कोपरापर्यंत घसरला. "लई सैल हाय," पोरगी म्हणाली. "असू दे," बाप म्हणाला, "वाढत्या मापाचा घेतलाय."