नादुरुस्त बेल

अख्ख्या इमारतीची कुंडली कॉम्प्युटरवर होती. एखादी वस्तू वापरल्याचा सिग्नल वर्षभर आला नाही, की तिच्यापुढे आपोआप ‘नादुरुस्त’ असा शेरा पडायचा. म्हणून तिथे एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या दाराची बेल बदलायला इलेक्ट्रिशियन आला आणि सवयीने त्याने तीच बेल दाबली.

बेल खणखणीत वाजली. आत खुर्ची सरकली, सपातांची फरफट ऐकू आली. शर्टाची बटणं लावत आजोबांनी दार उघडलं आणि आधी त्याच्या मागे आणखी कोणी आहे का ते पाहिलं.

“आजोबा, बेल तर ठणठणीत आहे की! कॉम्प्युटर उगाच बिघडलीय म्हणतोय. आत्ता शेरा काढून टाकतो.”

“नको रे, राहू दे,” आजोबा म्हणाले. “मीही तेच समजून बसलो होतो.”