झाकण लावून काढलेला फोटो

“हा तारा खोटा आहे, मेहुणीबाई,” दंतवैद्य म्हणाला आणि त्याने फोटो दोन बोटांत धरून परत केला, जणू नुकताच उपटलेला दात.

मेहुणी शाळेत चित्रकला शिकवायची. दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढायला त्यानेच तिला शिकवलं होतं. कालच्या फोटोत एका दीर्घिकेच्या कडेला तिला नवा ठिपका सापडला होता.

दंतवैद्याचा हा नाद बावीस वर्षांचा. दवाखान्याच्या भिंतीवर फोटो, कपाटात बक्षिसं. हवा होता फक्त एक नवा तारा, जगात सगळ्यांच्या आधी त्याने टिपलेला. तो काही गळाला लागत नव्हता.

“दुर्बिणीला झाकण लावून फोटो काढलास?”

“काढला, भावोजी. त्या काळोखातही कॅमेऱ्याच्या दोषाने तीन ठिपके चमकले. हा त्यांच्यात नाही.”

दंतवैद्याची भुवई वर गेली. बाहेर पेशंट गाल धरून बसला होता, बसू दे. त्याने भिंतीवरचा आपला ताजा फोटो उतरवला. तीच दीर्घिका, तिच्या फोटोच्या चार दिवस आधीची. कडेला ठिपका नव्हता.

“म्हणजे मधल्या चार दिवसांत पेटलाय. लॉटरी लागली की तुला.” हेवा वाटला, तो त्याने गिळला. “वेधशाळेला मी साक्ष देतो. माझ्या फोटोवर कुणी बोट ठेवणार नाही.”

“मूळ फोटो मागितला तर?”

“मूळ मी ठेवत नाही. उपटलेले दात कुणी जपून ठेवतं का? खोटे ठिपके हाताने पुसायचे, वहीत नोंद करायची, मूळ टाकून द्यायचं. चित्र कसं लख्ख हवं. आणि नजर बसलीय माझी. खोटा ठिपका बघताक्षणी कळतो.”

त्याने पत्र लिहिलं: या फोटोच्या चार दिवस आधी तिथे काहीही नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. खाली झोकदार सही. पाठवलंही लगेच.

“वही बघू का? शिकायला,” मेहुणी म्हणाली.

“बघ की. असं टापटीप काम तुझ्या शाळेत नसेल.”

तिने पान काढलं. दोनदा वाचलं. मग वही त्याच्यापुढे सरकवली. भिंतीवरून उतरवलेल्या फोटोच्या तारखेखाली, त्याच्याच वळणदार अक्षरात, दोन ओळी होत्या.

झाकण लावून काढलेल्या फोटोत खोटे ठिपके: सहा.

चित्रातून पुसले: सात.