ओवाळणीच्या चपला

भावाबहिणीचं नातं फार पवित्र असतं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या हेमचंद्रच्या जीन्सच्या कारखान्यात तर ते बाहेरून कुलूप लावून जपलेलं होतं.

आज पोलिसांनी कुलूप तोडलं. धागे कापणाऱ्या मुली रडत बाहेर पळाल्या. त्यातली सर्वांत जुनी, सोनी, मांडीवरची पॅण्ट पुरी करूनच उठली.

नव्या मुली भेदरलेल्या, त्यामुळे सगळं सोनीच्या जबाबावर अडलं होतं. खरं बोलली तर मालक आत आणि ती बारवी धरणाकडच्या पाड्यावर, आईजवळ. पोलिसांबरोबर आलेल्या, बालकामगारांना सोडवणाऱ्या संस्थेच्या वृंदाताई तिच्याशेजारी बसल्या.

"ह्या मालकाने तुला कोंडून ठेवलं होतं ना?"

"कोंडलं कुठं? बाहेर पोरी पळवणारे फिरतात. दादा हाय म्हणून वाचले."

हवालदाराशेजारी उभ्या हेमचंद्रने नम्रपणे मान खाली घातली. शाळेत घालतो असं सांगून सोनीला पाड्यावरून त्यानेच आणलं होतं.

"मारायचा?"

"चुकल्यावर. परक्याला कोन मारतं, ताई?"

वृंदाताईंचा समाजकार्याचा अभ्यास दांडगा होता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

दर राखीला मुली कापलेल्या धाग्यांच्या राख्या वळून हेमचंद्रला बांधत. ओवाळणी म्हणून प्रत्येकीला एकेक वडापाव मिळे. सोनीची गोष्ट वेगळी होती.

"मला दादानं चपला घेतल्यात. लाल पट्ट्याच्या. मी आले त्याच राखीला. झिजतील म्हणून त्याच्या कपाटात जपून ठेवल्यात. बाहेरच्या पोरींना इचारा, दुसऱ्या कुनाला घेतल्यात का!"

"घातल्यास कधी?"

"बाहेर जायचं काम कुठं पडलं?" सोनी हसली. "आज घालते की. चौकीत काय अनवाणी जाऊ? दादाची अब्रू जाईल."

हेमचंद्रचा चेहरा उजळला. त्याने स्वतःच कमरेची किल्ली काढून दिली. "बघा मॅडम, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सख्खा भाऊ तरी एवढं करतो का?"

हवालदाराने कपाट उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला निघाल्या. कोऱ्या करकरीत. तळाला धुळीचा कण नाही.

सोनीने त्या फरशीवर नीट जोडून ठेवल्या, सगळ्यांकडे एकदा अभिमानाने पाहिलं आणि पाय घातला.

पुढची बोटं तेवढी आत गेली.