थोपटणारा हात

पुंडलिकनगरातल्या माझ्या घरी बालवाडी भरते. प्रार्थना, गोष्ट, डबा आणि मग सतरंजीवर तासभर झोप, हा क्रम बावीस वर्षं चालू आहे. झोपवताना मी एकेकाला थोपटते. चार वर्षांच्या आवडीला तर माझ्या हाताशिवाय झोपच लागत नसे.

सोमवारी मी तिच्यापाशी बसले, तर तिने पाठ फिरवली.

"तुमी नका थोपटू, बाई. त्या बाई थोपटत्यात."

"कोणत्या गं?"

"त्या काय, तुमच्या मागं. त्यांचा हात लई गार हाय."

मागे नुसती भिंत होती. मला भीती वाटली नाही, राग आला. त्यानंतर रोज मी पोचायच्या आधीच आवडी झोपलेली असे, तीही हसऱ्या चेहऱ्याने.

शुक्रवारी मी आवडीला दुसरीकडे निजवलं आणि तिच्या जागी डोळे मिटून आडवी झाले. त्या बाईचा हात धरायचा आणि तिला घराबाहेर काढायचं, असं ठरवलं होतं.

थोपटण्याचा आवाज रांगेतून जवळ आला. गार हात माझ्या पाठीवर पडला. तो इतका मायेचा होता की मला तिचा आणखीच हेवा वाटला. मी हात उचलायला गेले, पण माझं बोटसुद्धा हललं नाही.

एक वाजता मुलांच्या आया न्यायला आल्या. दारात माझ्याच आवाजात कोणीतरी मुलांना नावाने हाका मारून त्यांच्या हाती देत होतं.

"आई, आजपासून ह्याच बाई," आवडी आनंदाने म्हणाली.

तिची आई हसली. "अगं, पहिल्यापासून ह्याच हायेत की."